तुर्भ्याला जाऊन पोर्श ९११ मध्ये बसून आलो

"गाडी घ्यायची नाहीये," हे मी नवी मुंबईतल्या तुर्भ्याच्या शोरूमला फोन करून पहिल्याच वाक्यात सांगून टाकलं. "परवडणारीही नाही. पण लहानपणापासून मनात आहे, एकदा आत बसून बघायचंय. सोबत माझे बाबा असतील, ७४ वर्षांचे." पलीकडचा मुलगा क्षणभर थांबला आणि म्हणाला, "बुधवारी या मॅडम, अकराच्या सुमाराला. तेव्हा गर्दी नसते, नीट बघता येईल."

असं जायचं ज्यांच्या मनात आहे त्यांनी आधी फोन करा आणि खरं सांगा. आदल्या महिन्यात आम्ही दुसऱ्या एका शोरूममध्ये न सांगताच गेलो होतो. तिथल्या माणसाने बाबांच्या चपलांकडे पाहिलं, "घ्यायची कोणाला आहे?" असं त्यांनाच विचारलं आणि माझ्याकडे न बघता "हात लावू नका" म्हणाला. पाच मिनिटांत आम्ही बाहेर आलो. घरी येईपर्यंत बाबा एक शब्द बोलले नाहीत. मला त्याचा राग आजही आहे. ज्या माणसाने चौतीस वर्षं यंत्रांवर हात ठेवून काम केलं, त्याला कुठे हात लावायचा आणि कुठे नाही हे कोणी सांगायला नको होतं.

बाबा टर्नर. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर, म्हणजे धातू कातायच्या यंत्रावर होते. एमआयडीसीची सुरुवात १९६२ साली याच वागळे इस्टेटला झाली, आणि पुढच्याच वर्षी, १९६३ च्या सप्टेंबरमध्ये, फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात पोर्शने ही गाडी पहिल्यांदा लोकांसमोर ठेवली. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही, पण माझ्या डोक्यात त्या जोडीनेच राहतात. कारण मी पाचवीत असताना एका जुन्या कॅलेंडरवरची लाल ९११ कापून वहीला चिकटवली होती, आणि ती बघून बाबांनी वर्कशॉपमधल्या उरलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या तुकड्यातून माझ्या लाकडी गाडीला चार चाकं कातून दिली होती. रुपयाच्या नाण्याएवढी. कानशीने घासून प्रत्येकाला पाच आरे काढलेले. लाकडी गाडी केव्हाच गेली, एक चाक अजून माझ्याकडे आहे. बुधवारी निघताना ते पर्समध्ये टाकलं.

जायचं कसं ते सांगते. ठाणे स्टेशनला नऊ-दहा नंबरवर ट्रान्सहार्बर लोकल लागते. वाशी, नेरुळ, पनवेल, कुठलीही पकडा, तुर्भ्याला सगळ्या थांबतात. दहाच्या आत निघालात तर ऑफिसच्या गर्दीत सापडाल. आम्ही सव्वादहाची धरली, बाबांना ठाण्यालाच बसायला मिळालं आणि अर्ध्या तासाच्या आत उतरलो. तुर्भ्याला एपीएमसीच्या नव्हे, एमआयडीसीच्या बाजूला बाहेर पडा. ठाणे-बेलापूर रस्ता तिथून जातो आणि त्यावर कंटेनर थांबत नाहीत, म्हणून म्हातारं माणूस सोबत असेल तर चालत ओलांडायच्या फंदात पडू नका, सरळ रिक्षा करा.

जुन्या महागड्या गाड्यांची ही शोरूम बाहेरून साधीच, एखाद्या गोदामासारखी. आत फरशीवर गाड्यांची रांग, आणि तिसरी ती. गडद निळी, ९११ कॅरेरा एस, २०१३ ची. ज्यांना माहिती आहे त्यांच्यासाठी: ही ९९१ पिढीतली आधीची, म्हणजे ३.८ लिटरचं, टर्बो नसलेलं, ४०० अश्वशक्तीचं इंजिन. पुढे २०१५-१६ पासून साध्या कॅरेरालाही टर्बो आले. मला हीच बघायची होती.

मी डोळे भरून बघत उभी होते आणि बाबा दाराशी वाकले होते. त्यांनी फोनवरच्या त्या मुलाला विचारलं, "नख लावू का?" आणि दार आणि पत्रा यांच्यामधल्या फटीतून अंगठ्याचं नख वरून खालपर्यंत हलकेच फिरवलं. मग पलीकडे जाऊन दुसऱ्या दाराला तेच. "अर्ध्या सुताचाही फरक नाही," ते म्हणाले. तो मुलगा तेव्हापासून बाबांच्या बाजूने झाला. पुढचा सव्वा तास तो आमच्याबरोबरच होता.

आता बसण्याबद्दल, कारण इथे बहुतेकजण चुकतात. ही गाडी जेमतेम १३० सेंटीमीटर उंच आहे, म्हणजे सीट आपल्या पोटरीच्या आसपास येते. नेहमीच्या गाडीसारखा एक पाय आत टाकून बसायला गेलात की सगळं वजन सीटच्या कडेच्या उंचवट्यावर पडतं, आणि जुन्या गाड्यांमध्ये चामडं पहिल्यांदा तिथेच फाटतं. गाडीकडे पाठ करा, कडेचा उंचवटा सोडून आत टेका, मग दोन्ही पाय एकदम उचलून आत घ्या. जाण्याआधी बांगड्या, घड्याळ, चाव्या, पट्ट्याचं बक्कल, साखळीची पर्स, सगळं काढून बाहेर ठेवा. मी सलवार-कमीज घातली होती आणि ओढणी गाठ मारून घेतली. साडीत बसता येतं, पण निऱ्या आधी आत घ्याव्या लागतात आणि उतरताना कोणीतरी हात द्यायला हवं. पावसाळ्यात जाऊ नका. ओल्या कपड्यांनी कोणाच्या चामडी सीटवर बसणं बरं दिसत नाही, आणि ते आपल्याला मोकळेपणाने बसूही देणार नाहीत.

दार बंद झालं आणि बाहेरचा रस्ता ऐकू येईनासा झाला.

मी काय काय बघेन याची कितीतरी वर्षं उजळणी केली होती. तरी पहिल्यांदा दिसले ते दोन उंचवटे. काचेतून पुढे बघितलं की डावी-उजवीकडे पुढच्या चाकांवरचा पत्रा वर आलेला दिसतो, दोन गुडघे पोटाशी घेतल्यासारखा, आणि मधला बॉनेट खाली उतरत जातो. फोटोत हे कधीच कळलं नव्हतं, कारण फोटो बाहेरून काढतात. हे फक्त चालवणाऱ्यासाठी ठेवलेलं दृश्य आहे. समोर पाच गोल डायल एकमेकांत थोडे शिरलेले, आणि मधला सगळ्यात मोठा वेगाचा नाही तर आरपीएमचा, म्हणजे इंजिनाच्या फेऱ्यांचा. इंजिन काय करतंय ते आधी, गाडी किती पळतेय ते नंतर. बाबांना सांगितलं तर ते लगेच म्हणाले, "बरोबर आहे. लेथवरही आधी स्पिंडलच्या फेऱ्या बघतात."

किल्लीची जागा दाराच्या बाजूला आहे. फ्रान्समधल्या ल मांसच्या शर्यतीत पूर्वी चालक रस्त्यापलीकडून पळत येऊन गाडीत बसायचे. एका हाताने किल्ली फिरवायची, दुसऱ्याने गिअर टाकायचा, म्हणून पोर्शने ती तिथे ठेवली अशी ही परंपरा सांगतात. तिकडच्या गाड्यांत ती डावीकडे येते, आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे म्हणून उजवीकडे. मी किल्लीला हात लावला नाही. नुसता हात तिथपर्यंत नेला, दुसरा गिअरवर ठेवला. पाचवीतल्या वहीत मी हे सगळं चितारलं होतं, फक्त किल्ली चुकीच्या जागी होती.

मग बाबांची पाळी. गुडघे दुखत असलेल्या माणसाला आत बसवायचं तर सीट आधी पूर्ण मागे सरकवून घ्या, आणि स्टिअरिंगच्या बाजूने नव्हे, शेजारच्या सीटवर बसवा. तिथे पाय फिरवायला जागा मिळते. बाबांना मात्र चालकाच्याच जागी बसायचं होतं. पाच मिनिटं लागली. मी पुढून हात धरला, त्या मुलाने पाठीमागून आधार दिला. आत बसल्यावर ते काही बोलले नाहीत. दोन्ही तळवे स्टिअरिंगवर ठेवले, घट्ट न धरता, आणि तसेच राहिले. मी फोटो काढायला फोन उचलला होता, तो खाली ठेवला.

मागच्या छोट्या सीटवर मोठं माणूस बसत नाही, तिकडे जाऊच नका. डिकी पुढे आहे, दोन मध्यम पिशव्या मावतील एवढी. आणि इंजिन बघायला मिळेल या आशेने मागचं झाकण उघडायला लावलंत तर आधीच सांगते, दोन पंखे दिसतात आणि कूलंट व ऑईल भरायची टोपणं. बाकी सगळं खाली दडलेलं. बाबा हिरमुसले. पण मग त्या मुलाला त्यांनीच समजावून सांगितलं. दोन्ही मुठी छातीसमोर धरून बाहेर नेल्या, आत आणल्या, पुन्हा बाहेर. सिलिंडर उभे नाहीत, आडवे झोपवलेत, तीन इकडे तीन तिकडे. समोरासमोरचे पिस्टन एकाच वेळी बाहेर जातात आणि एकाच वेळी आत येतात, म्हणून एकाचा धक्का दुसरा खातो. इंजिन बसकं, म्हणून वजन जमिनीलगत. "मागे इंजिन आपल्या रिक्षालाही असतं," बाबा म्हणाले, "पण एवढं वजन मागच्या चाकांच्याही मागे टाकून गाडी साठ वर्षं सरळ पळवायची, हे काम आहे." आधीची इंजिनं हवेवर थंड व्हायची, १९९८ ला तो प्रकार संपला, हे मी सांगितलं तेव्हा त्यांनी मान हलवली.

चालू करून दाखवा असं स्वतःहून म्हणू नका. बंद हॉलमध्ये धूर होतो, आणि थंड इंजिन मिनिटभर चालवून बंद करणं त्याला चांगलं नसतं. आमच्या नशिबाने ती गाडी त्या दिवशी धुवायला मागच्या अंगणात न्यायचीच होती. तो म्हणाला, "काका, मागे उभे राहा." चालू होताना आवाज एकदम मोठा येतो, घशातून खाकरल्यासारखा, आणि साधारण मिनिटभराने खाली बसतो, कोरडा आणि सारखा. बाबांनी विचारून मागच्या पत्र्यावर तळहात ठेवला. डोळे मिटले होते. "बॅलन्स," एवढंच म्हणाले.

मी पर्समधलं चाक काढून मागच्या चाकाच्या मधल्या टोपणाशेजारी धरलं आणि एक फोटो काढला. फोटो काढाल तेव्हा नंबरप्लेट झाका. गाडी कोणाची तरी असते. आणि निघताना त्या पोराचं नाव विचारून त्याच्या साहेबांजवळ चांगलं बोला. त्याला त्या दिवशी आमच्याकडून एक पैसा मिळणार नव्हता.

रविवारी पहाटे पाम बीच रोडवर अशा गाड्या जाताना दिसतात, ते बघायला जात असाल तर फुटपाथवरूनच बघा, दुभाजकावर मोबाइल घेऊन उभं राहू नका. पण जाताना बघणं आणि आत बसणं यात फार अंतर आहे. तुर्भ्याची फेरी करा.

परतीच्या गाडीत खिडकी मिळाली. घणसोली गेलं तेव्हा आईचा फोन आला, जेवायला थांबू का म्हणून. बाबांनी माझ्या हातातून फोन घेतला.

"अगं, बसलो आत," ते म्हणाले. "हो, मी पण. स्टिअरिंगवर."