लिलावातला मिलिटरी जनरेटर: हँडल मारण्याआधी

सैन्याच्या जुन्या सामानातला डिझेल जनरेटर शेतात आला की सगळ्यांची नजर आधी तासांच्या मीटरवर जाते. काहीशे तासच चाललाय म्हणून माणूस खूश होतो. पण हे सेट चालून थोडे झिजतात आणि उभे राहून फार बिघडतात. वर्षानुवर्षं बंद राहिल्यावर वायंडिंगमध्ये ओल शिरते, रिंगा लायनरला चिकटतात, रबर कडक होतं, टाकीतल्या डिझेलचा गोंद होतो. त्यामुळे आल्या दिवशीच बॅटरी जोडून सेल्फ मारणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक आहे.

नेमप्लेट मात्र बोली लावण्याआधीच वाचा, कारण लिलाव ‘जसा आहे, जिथे आहे’ या अटीवर होतो. पाण्याच्या पंपासाठी ५० हर्ट्झ, १५०० आरपीएम आणि ४०० किंवा ४१५ व्होल्ट हवेत. रडारसारख्या उपकरणांचे सेट ४०० हर्ट्झचे असतात, काही नुसते २८ व्होल्ट डीसीचे. असा सेट स्वस्तात मिळाला तरी त्यावर सबमर्सिबल चालणार नाही. इंजिन ठेवून अल्टरनेटर (वीज तयार करणारा भाग) बदलावा लागेल.

इंजिनची सुरुवात वरून करा. रॉकर कव्हर काढून प्रत्येक व्हॉल्व्ह दाबून बघा. व्हॉल्व्ह अडकलेला असताना इंजिन तसंच फिरवलं तर व्हॉल्व्ह किंवा त्याला ढकलणारा पुशरॉड वाकतो. डिझेल फवारणारी नोझल काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये साधारण ५० मिलि डिझेल आणि गिअरचं पातळ एटीएफ तेल निम्मं-निम्मं ओता आणि दोन-तीन दिवस मुरू द्या. मग पुलीच्या नटाला लांब पाना लावून हाताने थोडं पुढे, थोडं मागे असं हलवा. सुटलं की नोझल बाहेरच ठेवून काही फेरे फिरवा, म्हणजे वर साचलेलं तेल उडून जाईल. ते आत राहिलं आणि तुम्ही सेल्फ मारला, तर तेल दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. हे मिश्रण झिरपून खालच्या ऑइल चेंबरमध्ये उतरतं, म्हणून इंजिन ऑइल आणि फिल्टर यानंतरच बदला.

फ्युएल पंपाची रॅक (डिझेल कमी-जास्त करणारी सरकती पट्टी) हाताने सरकते की नाही, हे बघितल्याशिवाय इंजिन चालू करायचंच नाही. गोंद झालेल्या डिझेलमुळे रॅक पूर्ण डिझेलच्या बाजूला अडकलेली असली, तर इंजिन चालू होताच बेफाम पळतं आणि वेग सांभाळणारा गव्हर्नर त्याला आवरू शकत नाही. पहिल्या स्टार्टला एअर क्लीनर काढून ठेवा आणि हवेचं तोंड झाकेल अशी जाड लाकडी फळी घेऊन एक माणूस उभा करा. स्टॉप लिव्हरवर भरवसा ठेवू नका, तो त्याच रॅकला ओढतो. पंपाचे प्लंजर (डिझेलला दाब देणाऱ्या दांड्या) स्वच्छ डिझेलमध्ये भिजवा, पॉलिश पेपर लावू नका. प्लंजर आणि त्याचं बॅरल ही जोडी असते, दुसऱ्या सिलिंडरशी अदलाबदल केली की काम बिघडलं.

टाकी धुतल्यावर तिच्या झाकणाचं श्वासाचं छिद्र तपासा. आपल्याकडे कुंभारमाशी तिथे हमखास मातीचं घर करते. मग सेट अर्धा तास छान चालतो, बंद पडतो, एअर (पाइपात अडकलेली हवा) काढली की पुन्हा चालतो, आणि मिस्त्री उगाच पंप खोलत बसतो. एअर काढायचा क्रम ठरलेला आहे: फीड पंप, फिल्टरचा स्क्रू, फ्युएल पंपाचा स्क्रू, शेवटी नोझलकडचे पाइपचे नट. तांब्याचे वॉशर नवीनच टाका. नोझलच्या फवाऱ्यासमोर हात कधीही नेऊ नका, तो कातडीच्या आत शिरतो.

सेल्फ बहुधा २४ व्होल्टचा असतो, म्हणजे १२ च्या दोन सारख्या बॅटऱ्या सिरीजमध्ये. त्यातल्या एकीवरून शेडचा दिवा ओढू नका, एक उपाशी राहते आणि दुसरी उकळते. सायलेन्सरवर जुनं पांढरं-राखाडी कापडासारखं वेष्टन असेल तर ते ॲसबेस्टॉस समजा. कोरडं ओरबाडू नका, ओलं करून, मास्क लावून काढा.

आता अल्टरनेटर. मेगर (वायंडिंगचं इन्सुलेशन तपासणारा मीटर) लावण्याआधी एव्हीआर (व्होल्टेज स्थिर ठेवणारं कार्ड) आणि डायोड सोडवा. मिलिटरी सेटमध्ये आणखी एक भानगड असते: रेडिओला खरखर येऊ नये म्हणून फेज ते बॉडी कंडेन्सर लावलेले असतात. ते जोडलेले राहिले तर वायंडिंग चांगलं असूनही मेगर शून्याकडे दाखवू शकतो, आणि रिवाइंडिंगचा नाहक खर्च होतो. ५०० व्होल्टच्या मेगरवर किमान १ मेगाओहम यायला हवा. कमी आला तर १०० वॅटचे बल्ब आत ठेवून वरून ताडपत्री टाका आणि हळूहळू सुकवा. बल्ब वायंडिंगला टेकू देऊ नका, तापमान ८० अंशांच्या वर नको.

इंजिन १५०० वर आहे आणि व्होल्टेज शून्य, ही नेहमीची तक्रार. बहुतेक वेळा अल्टरनेटरमधलं मुरलेलं चुंबकत्व गेलेलं असतं. सेट बंद करून एक्सायटरच्या (अल्टरनेटरला चुंबकत्व देणारा छोटा जनरेटर) फील्डच्या दोन वायरी एव्हीआरपासून सोडवा. १२ व्होल्टच्या बॅटरीला सिरीजमध्ये २१ वॅटचा गाडीचा बल्ब लावून प्लसला प्लस, मायनसला मायनस असे चार-पाच सेकंद द्या. वायर सोडताना उघड्या टोकाला हात नको, झटका बसतो. एव्हीआर जोडल्यावर आधी दिसणारे थोडे व्होल्टही खाली गेले, तर फील्डच्या वायरी उलट लागल्या आहेत.

एव्हीआर नवा आणण्याआधी, ब्रशलेस (कार्बन ब्रश नसलेला) सेट असेल तर, एक चाचणी कराच. एव्हीआर सोडवलेला ठेवा, इंजिन १५०० वर चालू ठेवा आणि फील्डला बल्ब न लावता, फ्यूजमधून थेट १२ व्होल्ट द्या. कसलाही लोड नको. तिन्ही फेजमध्ये सारखे आणि जवळपास पूर्ण व्होल्ट आले, तर अल्टरनेटर ठणठणीत, दोष एव्हीआरचा. सारखे पण कमी आले, तर फिरते डायोड बघा, सहाही एक-एक सोडवून. तिन्ही फेजमध्ये फरक आला, तर मुख्य वायंडिंग गेलं. जुन्या एव्हीआरला कमी स्पीडचं संरक्षण नसतं. इंजिन हळू ठेवलं की तो फील्डला जास्त करंट देत राहतो आणि ते जळतं, म्हणून असा सेट स्लोवर ठेवायचा नाही.

बिना लोड ५२ हर्ट्झ ठेवा, पूर्ण लोडवर ५० ला येतो. १५ केव्हीए म्हणजे ०.८ पॉवर फॅक्टरला १२ किलोवॅट, ४१५ व्होल्टला २१ अँपिअर. लोड टेस्टला पाण्याच्या पिंपात २ किलोवॅटच्या सहा हीटर रॉड पुरतात, प्रत्येक फेजवर दोन. पिंपाला अर्थिंग द्या, पाण्यात हात नको. ५ एचपीची मोटर चालताना ८ अँपिअरच्या आसपास घेते, पण डायरेक्ट स्टार्टरवर उठताना सहापट. १५ केव्हीएवर ती उठते. साडेसात एचपी असेल तर सहा वायरींची मोटर आणि स्टार-डेल्टा स्टार्टर (मोटर कमी करंटवर उठवणारा) घ्या. उलट नुसते चार दिवे लावून तासन् तास चालवला तर लायनर चकाकतात आणि सायलेन्सरमधून काळं तेल गळतं. ३० टक्क्यांच्या खाली रोज चालवू नका.

आपला उन्हाळा हिशेबात धरा. अल्टरनेटरचं रेटिंग बहुधा ४० अंशांचं असतं आणि पुढे दर ५ अंशांना साधारण ३ टक्के उतरतं. मे महिन्यात भुसावळात ४५ अंश काही नवीन नाही. जिनिंगच्या आसपास रेडिएटरच्या जाळीत कापसाचा भुसा बसतो, तो पंख्याची हवा ज्या दिशेने जाते त्याच्या उलट बाजूकडून हवा मारून काढा. गरम हवा शेडबाहेर जाईल अशी खिडकी रेडिएटरच्या जाळीपेक्षा सव्वापट ठेवा. बॉडीला आणि न्यूट्रलला वेगळं अर्थिंग द्या, आणि चेंजओव्हर (लाइन की जनरेटर हे निवडणारा स्विच) चार पोलचाच लावा. नाहीतर तुमची वीज महावितरणच्या बंद लाइनवर चढते, आणि त्या वेळी खांबावर लाइनमन असू शकतो.