तेवढ्या वेळात दोन पेपर झाले असते

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. "मॅडम, मंडळांत, व्याख्यानमालांत एवढा वेळ कशाला घालवता? तेवढ्यात दोन रिसर्च पेपर होतील," असं मला स्टाफरूममध्ये सतत ऐकायला मिळतं. जुने विद्यार्थीही हेच विचारतात, तेही काळजीपोटी. पेपर मोजले जातात, बढतीच्या फाइलला लागतात. गणपतीच्या मंडपातल्या भाषणासाठी त्या फॉर्ममध्ये रकानाच नाही. तरीही मी जाते. का जाते ते सांगायचं तर किल्ल्यापासून सुरुवात करायला हवी.

माझा विषय गणिताचा इतिहास. ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या पूर्वेकडच्या चढावर, लक्ष्मण दरवाज्याजवळ चतुर्भुजाचं लहानसं देऊळ आहे, एकाच खडकात कोरलेलं. आत विक्रम संवत ९३३ चा, म्हणजे इ. स. ८७६ चा शिलालेख आहे. राज्य प्रतिहार घराण्यातल्या भोजदेवाचं. किल्ल्याचा कोट्टपाल, म्हणजे किल्लेदार, अल्ल याने बांधलेल्या देवळांना गावाने काय काय दिलं, त्याची ही नोंद. फुलबागेसाठी २७० हात लांब आणि १८७ हात रुंद जमीन. माळ्यांच्या मुखियांनी रोज ५० माळा द्यायच्या. तेल्यांनी दर शुक्ल नवमीला घाण्यामागे एक पलिका (हे तेलाचं जुनं माप) तेल द्यायचं. त्यातल्या २७० आणि ५० मधलं शून्य आपण आज काढतो तसंच गोल आहे, फक्त शेजारच्या अंकांपेक्षा लहान. ते बघायला परदेशातून गणिती येतात. इथल्याच लष्कर भागात जन्म गेलेल्या कितीतरी माणसांनी ते पाहिलेलं नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आणि हा लेख कोरला गेला तोच चारचौघांसाठी. जमीन कुठली, माळा किती, तेल कुणी द्यायचं, हे पुढे कुणी नाकारू नये म्हणून तो दगडावर आहे. दान सगळ्या गावाचं आहे. अकराशे वर्षांनी तो आम्ही मोजक्या अभ्यासकांनीच आपसांत वाचत बसावं, हे मला पटत नाही.

पण खरं कारण याच्याही पुढचं आहे. ग्वाल्हेरातल्याच शिंद्यांची छावणी या भागातल्या एका मंडळात मी या लेखावर बोलत होते. संध्याकाळच्या आरतीचे हार घेऊन आलेला फूलवाला मागे उभा राहून ऐकत होता. मी ५० माळांपाशी आले तसा तो म्हणाला, "दीदी, जेठ में रोज पचास माला कहाँ से लाएँगे? गेंदा तो मिलेगा नहीं." गेंदा म्हणजे झेंडू. लोक हसले. मला मात्र हसू आलं नाही, कारण मी तो आकडा शून्यासाठीच वाचत आले होते. त्या माळा कुणाला तरी रोज खरोखरच करायच्या होत्या, हे मनात आलंच नव्हतं. घरी येऊन मूळ पाठ आणि त्याचं जुनं भाषांतर पुन्हा काढलं. तिथे स्पष्ट आहे: त्या त्या ऋतूत मिळतील ती बाजारातली फुलं. म्हणजे ठराव करणाऱ्यांनी ज्येष्ठ महिन्याचा विचार आधीच केला होता. माळ्यांना झेपेल अशी अट त्यांनी घातली होती. बहुतेक माळी त्या बोलण्यात बसलेच असणार. ही ओळ मी कितीदा वाचली होती. ती कशासाठी आहे ते फुलांच्या धंद्यातल्या माणसाने विचारल्यावर कळलं.

दुसरा प्रश्न एका निवृत्त पटवारी (तलाठी) काकांचा. "हात कुणाचा?" लेखात त्याचं उत्तर आहे: राजाने ठरवलेल्या मापाचा हात. काका म्हणाले, "मग बरोबर. आमच्याकडे बिघासुद्धा गावागणिक बदलायचा. माप लिहिलं नाही तर भांडण ठरलेलं." मग आम्ही तिथेच फळ्यावर हिशेब मांडला. हात दीड फुटाचा धरला तर जमीन एक हेक्टरच्या थोडी वर भरते, आणि ५० सेंटिमीटरचा धरला तर सव्वा हेक्टर. दोन बोटांच्या फरकाने जवळजवळ पाचवा हिस्सा जमीन इकडची तिकडे होते, हे बघून मागच्या रांगेतली मुलंसुद्धा पुढे येऊन बसली.

सगळीच व्याख्यानं अशी रंगत नाहीत, काही ठिकाणी नुसता सत्कार आणि चहा होतो.

एक गोष्ट मात्र मी कुठेही सोडत नाही. मंडळवाल्यांना पाटीवर "जगातलं पहिलं शून्य आपल्या ग्वाल्हेरात" असं लिहायचं असतं. मी ते पुसायला लावते. कंबोडियात शके ६०५ चा, म्हणजे इ. स. ६८३ चा लेख आहे, त्यात शून्य ठिपक्याचं आहे. गणिती ब्रह्मगुप्ताने शून्याच्या बेरीज-वजाबाकीचे नियम ६२८ मध्येच लिहिले. बख्शाली हस्तलिखित या गणिताच्या जुन्या पोथीतही ठिपक्याचं शून्य आहे, आणि २०१७ मध्ये त्याच्या भूर्जपत्रांची कार्बन चाचणी झाल्यापासून त्याच्या काळाबद्दल वाद चालू आहे. भारतात दगडावर कोरलेलं, तारीख पक्की असलेलं जुन्यात जुनं गोल शून्य म्हणून आपल्या लेखाची ओळख आहे, आणि एवढं सांगणं पुरेसं आहे.

हे ऐकून काहींचे चेहरे पडतात. तेव्हा मी त्यांना सांगते, त्या शून्याकडे पुन्हा बघा. ते कुठल्या पंडिताच्या ग्रंथात नाही. जमिनीच्या दाखल्यात आहे, फुलांच्या आणि तेलाच्या हिशेबात. कोरणाऱ्याला त्याचं अप्रूप नव्हतं, वाचणाऱ्यालाही नसावं. ८७६ साली या गावात शून्य रोजच्या व्यवहारात रुळलं होतं. मला तरी हे पहिलेपणाहून मोठं वाटतं, आणि एकदा नीट समजलं की श्रोत्यांनाही वाटतं, हे मी पाहिलेलं आहे.

तर पेपरचं म्हणाल, तो लिहिते आहेच. त्यात ऋतूची अट आणि मापाचा हात, दोन्ही येणार आहेत. अडलंय ते तेलापाशी. घाण्यामागची एक पलिका म्हणजे दिव्यापुरतं तेल की त्याहून जास्त, हे ताडून बघायचं आहे. तुमच्या किंवा ओळखीच्या कुणाच्या घरी बैलघाणा होता का? तेल मोजायची जुनी मापं अडगळीत पडली असतील तर टाकून देऊ नका, मला कळवा. मी स्वतः येऊन मोजून घेईन.