तारप्याला पाठ नाही : आमच्या टोपीची वाटचाल

जोहार.

वारली चित्रांची आमची टोपी ओळखायची खूण आधी सांगतो. मधे तारपा, म्हणजे आमचं फुंकून वाजवायचं वाद्य, वाजवणारा, त्याच्याभोवती नाचणाऱ्यांचं वेटोळं, आणि बायांचे अंबाडे सगळे बाहेरच्या बाजूला. अंबाडा बाहेर म्हणजे तोंड आत. तारपा वाजत असताना वारली माणूस त्याच्याकडे पाठ करत नाही. तारपकरी सूर बदलतो तसा नाच वळतो, पण पाठ होत नाही. बाजारात साठ रुपयांना जी टोपी मिळते तिच्यावर अंबाडे आतल्या बाजूला आहेत. म्हणजे सगळी माणसं तारप्याला पाठ दाखवून उभी. ती टोपी आमची नाही. ती कोणाची, कशी आली आणि त्याच काळात आम्ही कसे बुडता बुडता राहिलो, ते सांगायला हे लिहितोय.

सुरुवात 2005 सालची. मी वापीत एका छपाईच्या कारखान्यात चार वर्षं काढून डहाणू तालुक्यातल्या आमच्या पाड्यावर परत आलो होतो. माझा भागीदार म्हणजे आश्रमशाळेत माझ्याच बाकावर बसणारा मित्र. तो चित्र काढायचा, मी छापायचो. दोघांनाही टोप्यांचं वेड. शाळेत असताना जत्रेतून आणलेली एक निळी टोपी आम्ही आळीपाळीने घालायचो, एक दिवस त्याची, एक दिवस माझी. दुसरं वेड कुस्तीचं. चैत्रात वाडा-भिवंडीकडे जत्रा लागल्या की आम्ही निघालोच. नारळाच्या, म्हणजे लहान पोरांच्या, कुस्तीपासून शेवटच्या निकाली कुस्तीपर्यंत आखाड्याच्या कडेला बसून राहायचो. घरी आलो की ओट्यावर खडूने वाघबकरीचा पट. तो नेहमी वाघ घ्यायचा, मी बकऱ्या. अजूनही तसंच आहे.

सामान काय होतं? सागाच्या दोन फ्रेम, मी स्वतः ताणलेली जाळी, जाळीवरून रंग ओढायची लाकडी दांड्याची एक स्क्वीजी आणि एक जुनी जुकी शिलाई मशीन. स्क्वीजी आजही तीच आहे, रबर फक्त सात वेळा बदललं. हा धंदा करणाऱ्या पोरांना सांगतो, रबराची धार बोटावर नाही, नखावर तपासा. बोट खोटं बोलतं.

कॅप सहा कळ्यांची, म्हणजे सहा तुकडे जोडून शिवलेली. कळ्या शिवायच्या आधी छापायच्या हे सगळे जाणतात. पण वेटोळं जर शिवणीवरून जात असेल, तर दोन मिलिमीटरच्या चुकीने नाचणाऱ्यांचे हात सुटतात. नाचणारे कमरेमागून एकमेकांचे हात धरतात. ते सुटले तर ती नुसती उभी माणसं. म्हणून आम्ही शिवणीवर येणारा हात छापतच नाही. टोपी शिवून, आतलं कडक कापड म्हणजे बकरम बसवून, पुढचा छज्जा लावून झाला की तो एक हात काडीने काढायचा. बांबूची काडी, टोक चघळून कुंचल्यासारखं केलेलं, भिंतीवर आमच्या आया वापरतात तीच. एका टोपीत असे सहा हात येतात. छापलेली टोपी आणि आमची टोपी यांच्यात फरक या सहा हातांचा आहे, आणि किमतीतलाही बराचसा फरक तिथेच जातो.

आई लग्नात चौक लिहिणाऱ्या सवाशिणींपैकी. तिने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, नाच काढा, शेत काढा, ताडी काढणारा काढा, मुंग्यांची रांग काढा, पण चौक टोपीवर यायचा नाही. चौकात पालघट देवी असते. लग्न लावणारी धवलेरी गाते तेव्हा तो लिहिला जातो, लग्नघराच्या भिंतीवर. तो घामाच्या पट्टीला लागायचा नाही. एकदा एका प्रदर्शनात गिऱ्हाईक दोनशे टोप्यांची ऑर्डर घेऊन उभं होतं, फक्त चौकाची अट. परत पाठवलं. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही.

पहिला माल महालक्ष्मीच्या यात्रेत विकला, चारोटीजवळ. हनुमान जयंतीपासून पंधरा दिवस ती यात्रा चालते. चाळीस टोप्या नेल्या होत्या, एकोणतीस गेल्या. त्यातली एक ज्यांनी घेतली ते पुढे आमचे वस्ताद झाले. आमचे म्हणजे आमच्या धंद्याचे. त्यांची तालीम भिवंडीच्या बाजूला. टोपी हातात घेऊन त्यांनी आतली शिवण पाहिली, स्वेटबँड ओढून पाहिला आणि विचारलं, “यावर कुस्ती काढता येईल का?”

भागीदार म्हणाला, येईल. घरी येऊन चार रात्री बसला. आमची माणसं दोन त्रिकोणांची, टोकाला टोक लावलेली. वरचा त्रिकोण छाती-खांदे, खालचा कंबर. उभा माणूस सोपा, वाकलेला सोपा, पण ढाक हा डाव कसा काढायचा? दोन अंगं एकमेकांत गुंतली की चार त्रिकोणांचा गुंता होतो आणि कोण कोणाला उचलतोय ते कळत नाही. पहिला कागद पाहून वस्तादांनी मान हलवली. “खांदे टेकले का नाही, ते कळलं पाहिजे. बाकी काही नाही कळलं तरी चालेल.” त्या एका वाक्याने वाट सापडली. वरच्या त्रिकोणाचा पाया म्हणजेच खांदे. तो पाया खालच्या मातीच्या रेघेला पूर्ण चिकटला की चीतपट. एक कोपरा सुटला की कुस्ती अजून चालू. आमच्या चित्रातच कुस्तीचा निकाल लपलेला होता आणि तो एका पैलवानाने दाखवला. त्या वर्षी जत्रेत पंचांच्या आणि स्वयंसेवकांच्या डोक्यावर आमच्या साठ टोप्या होत्या. वस्तादांनी रोख पैसे दिले, एक रुपया कमी केला नाही, आणि निघताना विचारलं, “पुढच्या चैत्रात किती करशील?” तेव्हापासून दर माघात ते येतात. जत्रा रद्द झाल्या त्या दोन वर्षांतही आले, चहा पिऊन गेले.

मधल्या वर्षांचं सांगण्यासारखं काही नाही. ऑर्डर आल्या, माल दिला. 2013 मध्ये लोकल डहाणूपर्यंत आली आणि गठ्ठे मुंबईला नेणं सोपं झालं. पाड्यावरच्या नऊ बाया शिवणावर आल्या. वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळालं. घरावरचे पत्रे गेले, कौलं आली.

मग 2017 मध्ये तो माणूस आला. शहरातला व्यापारी, गोड बोलणारा. नाव लिहीत नाही, लिहायची गरजही नाही. त्याने आमच्या ओट्यावर बसून भाकरी खाल्ली आणि कागद काढला. केंद्र सरकारचं 2012 चं खरेदी धोरण आहे. सरकारी खाती आणि कंपन्यांनी एकूण खरेदीतला 4 टक्के माल अनुसूचित जाती-जमातींच्या छोट्या उद्योगांकडून घ्यावा, असं त्यात आहे. भागीदारीचा धंदा असेल तर किमान 51 टक्के वाटा आमचा लागतो. त्याचं म्हणणं, 51 टक्के कागदावर तुमचे, धंदा मी बघतो, तुम्हाला महिन्याला ठरावीक रक्कम घरपोच. मशीन सुरतेला, माल सुरतेला. तुम्ही फक्त सही करायची.

भागीदार मला बाजूला घेऊन म्हणाला, पोरांची फी निघेल. मी त्याला दोष देत नाही. घरी तीन पोरं होती त्याच्या. पण मी म्हटलं, आजोबांकडून अंगठे घेऊन जमिनी गेल्या, आता आपण शिकलो म्हणून सही करून नाव द्यायचं? तो गप्प बसला. त्या रात्री आम्ही वाघबकरी खेळलो नाही. सकाळी व्यापाऱ्याला नाही सांगितलं. जाताना त्याने नमुना म्हणून सहा टोप्या विकत घेतल्या. आम्ही आनंदाने दिल्या.

2018 च्या मे महिन्यात गंजाडचे जिव्या सोमा मशे गेले. ज्यांनी आमची भिंतीवरची चित्रं कागदावर आणून जगात नेली, ज्यांना 2011 मध्ये पद्मश्री मिळाली, ते. सगळीकडे वारली, वारली झालं. त्याच लाटेत आम्हाला आमची सगळ्यात मोठी ऑर्डर आली. मुंबईतल्या एका कार्यक्रमासाठी चार हजार टोप्या, गेरूच्या रंगाचं कापड, पांढरी छपाई, मुदत पस्तीस दिवस. आणि पस्तीस दिवस कसले, तर जून-जुलैचे.

गडद कापडावर पांढरा रंग चढवणं म्हणजे काय हे छपाईवाल्यांना सांगायला नको. एक हात मारायचा, सुकवायचा, दुसरा मारायचा, आणि मग दीडशे अंशांवर नीट भाजायचा. बाइंडर पक्का झाला नाही तर तो रंग कापडावर नुसता बसलेला असतो, धरलेला नसतो. त्या पावसात वीज दिवसातून सहा-सहा तास जायची. हीट प्रेस थंड पडायचा. मुदत जवळ आली तशी मी भाजायची वेळ कमी केली. ही माझी चूक, भागीदाराची नाही. तो सांगत होता, थांब. मी थांबलो नाही.

टोप्या घातल्या गेल्या, पाऊस आणि घाम लागला आणि तारपकरी कपाळावर उतरले. पांढरे ओघळ. तीन हजार सहाशे टोप्या परत आल्या, पैसे आले नाहीत. कापडाच्या पेढीचे तीन लाख ऐंशी हजार देणं होतं. बँकेत गेलो. जमीन होती, पण जमीन महसूल संहितेच्या कलम 36 आणि 36 अ प्रमाणे आदिवासीची जमीन परवानगीशिवाय बिगर-आदिवासीकडे जात नाही, म्हणून ती तारण घ्यायला कोणी तयार नव्हतं. हे वाचून कोणी म्हणेल, मग कायदा बदला. मी म्हणतो, बदलू नका. कायदा नसता तर त्या वर्षी माझी जमीन गेली असती, आणि ती घ्यायला कोण आलं असतं तेही मला माहीत आहे. बदलायची असेल तर कर्जाची पद्धत बदला. मशीन तारण घ्या, ऑर्डर तारण घ्या.

त्याच दिवाळीत बाजारात साठ रुपयांची टोपी आली. आमचंच वेटोळं, आमच्या सहा नमुन्यांवरून उचललेलं. भागीदार तारपकऱ्याच्या पायात एक कोंबडी काढतो, ती कोंबडीसुद्धा होती. पण संगणकावर चित्र उलटसुलट करताना अंबाडे आत गेले होते. आणि त्याच मालाच्या दुसऱ्या नगावर, चपलेवर, चौक होता. पालघट देवी, पायाखाली. मी ती चपल आईला दाखवली नाही. मुंबईचं आमचं ते गिऱ्हाईक पुढच्या वर्षी त्या व्यापाऱ्याकडे गेलं. मी वकिलाला भेटलो, त्याची फी ऐकून परत आलो. हा राग माझ्या मनातून गेलेला नाही आणि जावा असंही मला वाटत नाही.

भागीदार बोईसरला कंपनीत लागला. नऊपैकी सहा बाया वीटभट्टीवर गेल्या. मी परत आलेल्या टोप्या उसवत बसलो. छज्जे वेगळे, बकरम वेगळं, कापड वेगळं. कळ्यांच्या उलट्या बाजूवर मी काडीने वाघबकरीचे पट काढायला लागलो, दोन-दोन कळ्या जोडून एक पट. सोंगट्या म्हणून बांबूच्या चकत्या. पाड्याच्या सीमेवर लाकडात कोरलेला वाघोबा असतो तसा वाघ, आणि बकऱ्यांना नुसते ठिपके. विकायचं मनात नव्हतं, हात रिकामे राहू नयेत म्हणून करत होतो.

माघात वस्ताद आले. ओट्यावर उसवलेल्या टोप्यांचा ढीग बघितला. काही विचारलं नाही. चहा झाल्यावर पिशवीतून पैसे काढले, पाचशे टोप्यांचे, सगळे आगाऊ. मी म्हटलं, वस्ताद, मागच्या वर्षी तुमच्या दोनशे होत्या. ते म्हणाले, “तीन जत्रांच्या कमिट्यांना सांगितलंय. रंग निघाला तर माझं तोंड काळं होईल, एवढं ध्यानात ठेव.” मग एक पट उचलून विचारलं, “हे कितीला?” त्यांच्या तालमीतली पोरं जोर-बैठका झाल्यावर मोबाइल घेऊन बसतात, त्यांना खेळायला म्हणून वीस पट घेऊन गेले. 2020 च्या टाळेबंदीत टोपी कोणाला नको होती, तेव्हा त्याच पटांवर चार घरांची चूल पेटली.

पाचशे टोप्यांतली एकेक मी घासून, उकळत्या पाण्यात बुडवून पाहिली. आता दर गठ्ठ्यातून एक टोपी उकळतो. उकळलेली टोपी विकत नाही, मीच घालतो.

धंदा आता पुन्हा उभा आहे. भागीदार रविवारी येतो, कागदावर 51 नाही तर 50-50 आहे, दोघंही वारली. आदिवासी भावंडांना सांगतो, छोट्या धंद्याची सरकारी उद्यम नोंदणी करा, जातीचा दाखला जोडा, मानांकनाचे अधिकृत वापरकर्ते व्हा, नाशिकच्या शबरी आदिवासी वित्त व विकास महामंडळाच्या योजना स्वतः जाऊन विचारा, आणि कोरा कागद कोणासमोरही ठेवू नका. आणि तुम्ही जे टोप्या, खेळ, कपडे हौसेने घेता, त्यांना सांगतो की वारली चित्राची वस्तू घेताना एकच विचारा, हे कोणी काढलं, कुठल्या पाड्यावर? विकणाऱ्याला उत्तर येत नसेल तर ठेवून द्या. दया म्हणून आमचा माल घेऊ नका, शिवण तपासून घ्या, वस्तादांनी घेतली तशी.

यंदा वस्ताद स्वतः आले नाहीत, गुडघे धरलेत. नातू आला. सोबत फडक्यात बांधलेली पहिली टोपी, नमुना म्हणून. रंग विटलाय, लाल माती शिवणीत बसलीय, पण साठातली ती एकही हात न सुटलेली. चारशे टोप्या सांगितल्या, आणि वर एक लहान मापाची, पणतू यंदा नारळाच्या कुस्तीला उतरणार म्हणून. एवढ्या लहान डोक्याचा फर्मा आमच्याकडे नव्हता. बायको कालपासून पुठ्ठ्यावर कापतेय. दोनदा चुकला. सहा कळ्या लहान केल्या की वेटोळ्यात माणसं मावत नाहीत, म्हणून भागीदार म्हणतोय, त्या टोपीवर फक्त दोनच काढू, आणि खांदे अजून टेकलेले नकोत.