खोडलेल्या ओळी

जुने हिब्रू धर्मग्रंथ जमवणाऱ्यांमध्ये स्वच्छ, रुंद समासाच्या, एकही पान न गळालेल्या प्रतीसाठी जी चढाओढ चालते, तिच्यात मी कधी उतरलो नाही. माझी तेवढी ऐपत नाही हे तर खरेच; पण ज्या प्रतीवर चर्चच्या सेन्सॉरची लेखणी फिरली आहे, तीच मला अधिक मोलाची वाटते.

आज बराच वेळ सोळाव्या शतकात व्हेनिसमध्ये छापलेले, शीर्षकपान हरवलेले माझे तोराभाष्य, म्हणजे ज्यूंच्या मूळ धर्मग्रंथावरचे भाष्य, भिंगाखाली घेऊन बसलो होतो. शेवटच्या पानावर दोमेनिको जेरोसोलिमितानोची सही आणि १५९७ हे साल आहे. हा सेन्सॉर जन्माने ज्यू, पुढे ख्रिस्ती झालेला; कोणत्या ग्रंथातले काय खोडायचे याची जंत्रीच त्याने करून ठेवली होती. छपाईची शाई काजळी आणि तेलाची, तर त्याची शाई मायफळ आणि हिराकसाची. त्यामुळे चारशे वर्षांत त्याच्या रेघा विटून तांबूस झाल्या असून खालची काळी अक्षरे पुन्हा बिनचूक वाचता येतात. एके ठिकाणी मात्र शाईने कागदच खाल्ला आहे आणि तिथला शब्द कायमचा गेला आहे.

असे असूनही ही प्रत भाग्यवानच म्हणायची. १४७५ साली रेज्जो दि कालाब्रिया येथे छापलेल्या, राशी या मध्ययुगीन ज्यू पंडिताच्या तोराभाष्याची, म्हणजे छपाईची तारीख नोंदवलेल्या पहिल्या हिब्रू पुस्तकाची, एकच ज्ञात प्रत इटलीतल्या पार्मात उरली आहे. दानिएल बोंबेर्गने व्हेनिसमध्ये प्रथमच संपूर्ण छापलेल्या बॅबिलोनियन तल्मूदची, म्हणजे ज्यूंच्या धर्मनियमांवरील चर्चांच्या ग्रंथसंग्रहाची, पृष्ठरचना आजही चालते, पण १५५३ मध्ये रोममध्ये आणि मग व्हेनिसमध्येही तल्मूदच्या होळ्या झाल्या. त्यातून वाचलेला एक उत्तम संच २०१५ साली न्यूयॉर्कच्या लिलावात ९३ लाख डॉलरांना गेला. शिवाय जीर्ण धर्मग्रंथ टाकून न देता पुरण्याचा आपला ज्यूंचा रिवाज आहे. आमच्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, घरांतली किती जुनी प्रार्थनापुस्तके अशी मातीआड गेली असतील, याचा हिशेब कोण देणार? तो रिवाज चुकीचा आहे असे म्हणायला जीभ रेटत नाही, संग्राहक म्हणून हळहळ मात्र वाटते.

पुस्तकाची शिवण उसवली आहे. बांधणीकाराने पाने धुऊन त्या तांबूस रेघाही काढून देण्याची तयारी दाखवली होती. त्याला फक्त शिवण घालायला सांगितले आहे.