चार गुंडी, बारा हजार

बेळगावात मी बांधकामाची मोजमापं करतो. नव्या घरांपेक्षा जास्त बोलावणं येतं ते जुन्या घराची दुरुस्ती संपल्यावर, शेवटच्या बिलावरून मालक आणि मेस्त्री बोलेनासे झाले की. वडगावातलं हे घर त्यातलंच. मे महिना होता, रोज संध्याकाळी वळवाचं आभाळ भरून येत होतं, आणि गच्चीच्या दाराची किल्ली मेस्त्रींनी स्वतःकडं ठेवली होती. पैसे मिळाल्याशिवाय देणार नाही म्हणून.

मेस्त्री बैलहोंगलकडचे, साठीचे. मालक उद्यमबागेत फाउंड्रीत कामाला. हिशेब मात्र त्यांचा पुण्यात नोकरी करणारा मुलगा बघत होता, लॅपटॉप घेऊन दोन दिवसांसाठी आलेला. मेस्त्री बाकी मागत होते 1,12,000 रुपये. मुलगा 64,000 च्या वर जायला तयार नव्हता. "सर, मी ग्राहक आयोगात जातो," हे त्यानं मला पाणी देण्याआधीच सांगितलं.

मी म्हटलं, जा की, घरबांधणी ही सेवाच आहे, दोन वर्षांत तक्रार करता येते. मेस्त्रींनाही मजुरीसाठी दिवाणी दावा करायला तीन वर्षं आहेत. पण दोन्हीकडं पहिला प्रश्न एकच येणार, काम किती झालं? ते आधी बघू. टेपचं एक टोक मुलाच्या हातात दिलं, दुसरं मेस्त्रींच्या. मी फक्त वहीत आकडे लिहितो. ही माझी जुनी सवय आहे. ज्यानं टेप धरला तो त्या आकड्यावर नंतर सहसा भांडत नाही.

गिलाव्याचा वाद तासाभरात मिटला. मेस्त्रींनी दारं-खिडक्या वजा न करता 4,260 चौरस फूट धरले होते. मुलानं सात दारं आणि सहा खिडक्या भिंतीच्या दोन्ही अंगांनी वजा केल्या होत्या, म्हणजे 486 फूट. आयएस 1200 हे मोजमापाचं मानक सांगतं की अर्ध्या ते तीन चौरस मीटरपर्यंतची उघडी जागा एकाच अंगानं वजा करायची, कारण चौकटीभोवतीच्या आतल्या कडांनाही गिलावा लागतोच आणि तो वेगळा मोजायचा नाही. तीन बाय सातचं दार, चार बाय चारची खिडकी, सगळी त्याच मापात बसणारी. 243 फूट कमी झाले. तीस रुपये दरानं 7,290.

गच्चीचा कठडा फूटभर वाढवायला मालकांनीच सांगितलं होतं, ते त्यांनी लगेच कबूल केलं. बिलात 46 फूट होते, भरले 41. डबर, म्हणजे तोडफोडीचा राडारोडा, उचलण्याचे 9,000 मात्र मेस्त्रींना सोडावे लागले. करारात साफसफाई त्यांच्याकडं होती.

करार कन्नडात होता. ई-स्टँपवर टाइप केलेला, खाली मालकांची मराठी सही. वाचला होता का, विचारलं तर ते गप्प बसले. आमच्या भागात हे घरोघरी आहे. बोलणं मराठीत, कागद कन्नडात, आणि मध्ये कोणी वाचून दाखवणारा नाही. त्यात एक कलम होतं, 'हेच्चुवरी केलस', म्हणजे जास्तीचं काम, लेखी ठरल्याशिवाय करायचं नाही. तसं लेखी एकही नव्हतं.

मग ती ओळ आली. मुलाच्या तक्त्यात लिहिलं होतं: गुंडी (बटणं), 4 नग, 12,000.

"लाईटच्या चार बटणांना बारा हजार? ही सरळ फसवणूक आहे."

वडिलांनी फोनवर एकेक कन्नड शब्द जुळवत बिल वाचलं होतं, आणि यानं पुण्यात बसून ते तसंच उतरवलं होतं. मी मूळ कागद मागितला. गुंडी. कन्नडात बटणाला गुंडी म्हणतात हे खरं, पण खड्ड्यालाही गुंडीच म्हणतात.

"कसली गुंडी, मेस्त्री?"

"हातमागाची, सर, विणताना पाय सोडून बसायची. पुढच्या खोलीत. आज्जी सांगितल्या, आम्ही भरलो."

मालक तेव्हा पहिल्यांदा जोरात बोलले. "खड्डा एकच होता. माझ्या वडलांचा. मी त्यात उतरून खेळलोय. चार कुठले?"

आता त्या खोलीत चकचकीत फरशी. वर एक रेघही नाही. अशा वेळी फरशी फोडा म्हणणारे असतात. मी कधीच म्हणत नाही, भांडण मिटवायला नवं नुकसान कशाला? साहित्य मालकांचं होतं, म्हणून त्यांची फाइल मागितली. मुरमाचं बिल निघालं, अडीच ब्रास, म्हणजे 250 घनफूट. खोली चौदा बाय वीस, जमीन चार इंच उचललेली, म्हणजे दबलेला मुरूम साधारण 93 घनफूट. धुमस मारल्यावर मुरूम बसतो हे धरूनही सव्वा ब्रासच्या आतच काम होतं. मागं परसात दोन-चार घमेली उरलेली दिसत होती. मग उरलेला ब्रासभर मुरूम गेला कुठं?

आतून आज्जी आल्या. ऐंशीच्या पुढच्या, भिंतीला धरून. त्या खोलीच्या मधोमध उभ्या राहिल्या आणि पायानं दाखवू लागल्या. "हितं ह्याच्या आज्ज्याचा. हितं थोरल्या दिरांचा. त्या कोपऱ्यात धाकट्यांचा. दारापाशी ह्यांचा. चार माग होते, बाळ. तीन तुझा बाप जन्मायच्या आधीच शहाबादी घालून झाकले."

फरशी उचलताना एका मजुराचा पाय आत गेला होता. मेस्त्री डबर टाकून खड्डे बुजवणार होते. आज्जींनी अडवलं. सासऱ्यांचे पाय आयुष्यभर त्या खड्ड्यात मागाच्या पावड्यांवर होते, त्यात कचरा टाकू नका, मुरूम घाला. मालक कामावर, मुलगा पुण्यात. मेस्त्रींनी दोन माणसं लावून थरावर थर, पाणी मारून, धुमसून भरले.

किती खोल होते, मी विचारलं. आज्जींनी मांडीवर हात ठेवला. तीन बाय तीन, अडीच खोल. चार खड्ड्यांचे 90 घनफूट. तोच उरलेला मुरूम.

मुलगा बराच वेळ लॅपटॉपकडं बघत राहिला. लेखी नव्हतं हे त्याचं म्हणणं खरंच होतं, आणि मी तेही मान्य केलं. पण 1872 च्या करार कायद्याचं सत्तरावं कलम सांगतं, फुकट करायच्या हेतूनं न केलेल्या कामाचा फायदा ज्यानं घेतला त्यानं भरपाई द्यावी. त्या फरशीवर हे घर रोज चालतंय. मला त्या क्षणी मेस्त्रींची बाजू अगदी स्पष्ट दिसत होती, आणि ती मी लपवली नाही. दर थोडा चढा आहे हेही बोललो. मेस्त्रींनी स्वतःच दोन हजार सोडले.

सगळं वजा जाऊन बाकी ठरली 92,360. त्यातले दहा हजार पावसाळ्यानंतर, गच्ची गळली नाही तर दसऱ्याला. हा कागद मी दोन भाषांत लिहिला, डावीकडं मराठी, उजवीकडं कन्नड, ओळीला ओळ, आणि दोन्ही मोठ्यानं वाचून दाखवला. मुलानं 82,360 तिथंच खात्यावर पाठवले. पावतीवर एक रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट लावून मेस्त्रींनी सही केली आणि खिशातून किल्ली काढली. निघताना आज्जींनी दाखवलेल्या चारही जागा टेपनं मोजून, खोलीच्या नकाशावर भिंतीपासूनच्या अंतरासह दाखवून दिल्या. उद्या कोणी तिथं कॉलम घ्यायला खणलं तर त्याला कळायला हवं. आज्जींनी प्रत्येक चौकोनात नाव लिहायला लावलं.

खंडेनवमीला मेस्त्री उरलेले पैसे घ्यायला आले, मलाही बोलावलं होतं. गच्ची कोरडी होती. आज्जींनी पाटावर मागाचा जुना धोटा मांडून त्याला हळदकुंकू वाहिलं होतं. दारापाशीची एक फरशी मात्र किंचित बसली होती, टिचकी मारली की पोकळ वाजायची. मुलानं नकाशा उघडून बघितला, बरोबर आजोबांच्या चौकोनावर. मेस्त्री पिशवीतून थापी घेऊन खाली बसले.