खालच्या पट्टीतले प्रेम

प्रेमगीते लवकर शिळी होतात, आणि त्यातही गुळमट प्रेमगीते तर सर्वांत आधी. तरीही कार्पेंटर्स या अमेरिकी जोडीची, म्हणजे रिचर्ड आणि कॅरन या भावंडांची, १९७०च्या सुमाराची गाणी अजून कान धरून का बसवतात, हा प्रश्न मला अधूनमधून पडतो. उत्तर शोधण्याच्या निमित्ताने ती पुन्हा ऐकायला मिळतात, हा त्यातला खरा लाभ.

मुळात भावाबहिणीने मिळून प्रेमगीते गायची, हा मामला जरा अवघडच. परंतु या गाण्यांत ती दोघे एकमेकांना उद्देशून काहीच म्हणत नाहीत. मुख्य सूर बहुतेक वेळा कॅरनचा असतो, आणि मागचे स्वरमेळ दोघांनी आपलेच आवाज पुन्हा पुन्हा ध्वनिमुद्रित करून, थरावर थर चढवून उभे केलेले असतात. एकाच घरातले गळे असल्यामुळे त्यांत सांधा सापडत नाही. ज्याच्यावर प्रेम आहे तो मात्र गाण्यात सहसा हजर नसतो. तो दूर गेलेला असतो किंवा अजून भेटलेलाच नसतो. ती रिकामी जागा ऐकणारा आपापल्या परीने भरून काढतो.

कॅरनचा आवाज खर्जाकडे झुकणारा होता. ती स्वतःला आधी ड्रमवादक आणि मग गायिका मानत असे, आणि तिच्या गाण्यातली लयीची पक्की समज बहुधा तिथूनच आली असावी. १९७१ सालचे ‘सुपरस्टार’ लक्ष देऊन ऐकावे. सुरुवातीच्या ओळी ती इतक्या खालून उचलते, की शब्दांआधीचा श्वासही ऐकू येतो. पुढे धृपदात वाद्ये चढत जातात, पण ती आवाज ताणत नाही. परत येण्याचे वचन देऊन गेलेल्या गायकाची वाट पाहणारी ही मुलगी रडत नाही, रागावतही नाही. आणि म्हणूनच तिचे दुःख खरे वाटते.

लग्नसमारंभांचे लाडके झालेले ‘वुइव्ह ओन्ली जस्ट बिगन’ हे गाणे मूळचे कॅलिफोर्नियातल्या एका बँकेच्या जाहिरातीसाठी, नवविवाहितांना खातेदार करून घेण्याकरिता, पॉल विल्यम्स आणि रॉजर निकल्स यांनी रचले होते. रिचर्डने ती जाहिरात दूरचित्रवाणीवर ऐकली आणि त्यातल्या गाण्याची ताकद ओळखली. ‘क्लोज टू यू’ हे बर्ट बाकॅरॅक आणि हॅल डेव्हिड यांचे गाणेही आधी इतरांनी गाऊन झालेले होते. पण १९७०मध्ये ते अमेरिकेत चार आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले, ते या दोघांच्या आवाजात. दुसऱ्यांच्या गाण्यात काय दडले आहे हे हेरणारा रिचर्डचा कान, हे या जोडीचे निम्मे भांडवल होते.

त्यांना गोडघाशे म्हणून हिणवणाऱ्यांनी १९७२चे ‘गुडबाय टू लव्ह’ ऐकावे. त्या संथ गाण्यात टोनी पेलुसोची खरखरीत इलेक्ट्रिक गिटार अशी काही घुसते, की तेव्हा चाहत्यांनीच संतापून पत्रे लिहिली होती. (‘टॉप ऑफ द वर्ल्ड’च्या अखंड आनंदाशी मात्र माझे अजून जुळलेले नाही.)

१९८३ साली, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, अॅनोरेक्सिया या खाणे टाळायला लावणाऱ्या मानसिक आजाराने खंगलेल्या कॅरनचे हृदय बंद पडले. तेव्हापासून अनेक जण ही गाणी त्या मृत्यूच्या सावलीत ऐकतात. मला ते पटत नाही, कारण ‘सुपरस्टार’ गाताना ती जेमतेम एकवीस वर्षांची होती आणि तो जडपणा तेव्हाच त्या आवाजात होता. रिचर्डने पुढे या मुद्रणांवर अनेकदा हात फिरवला. २०१८मध्ये तर कॅरनचा मूळ आवाज कायम ठेवून रॉयल फिलहार्मोनिक वाद्यवृंदाची नवी साथही जोडली. ती साथ भरघोस आणि नेटकी आहे. पण मला आपली ती जुनी, मोजक्या वाद्यांची मुद्रणेच बरी वाटतात.