हुंकार देणारी माणसे

पहिल्यांदा लोकांसमोर गोष्ट सांगायला उभा राहिलो तेव्हा ती मला तोंडपाठ होती आणि नेमके तेच अंगाशी आले. मी अकरा वर्षांचा असताना मोठ्या बहिणीच्या नावाने आलेले एक पत्र तीन दिवस दप्तरात दडवून ठेवले होते, त्याची ती गोष्ट. सात वेळा लिहून, आरशासमोर घोकून, बरोबर पाच मिनिटांत बसेल अशी मी ती घडवली होती. तिसऱ्या मिनिटाला एक वाक्य निसटले आणि त्याच्यामागची सगळी वाक्ये रांगेने निघून गेली. समोर पस्तीस-चाळीस माणसे बसलेली. कोणी हसले नाही, कोणी चुळबुळ केली नाही. दुसऱ्या रांगेतून कोणीतरी फक्त 'हं' म्हणाले. अंधारात लहान मुलाला गोष्ट सांगताना ते जागे आहे की झोपले हे कळावे म्हणून आपण ज्या हुंकाराची वाट पाहतो, अगदी तसा. मग मी पाठांतर सोडून दिले आणि सातही मसुद्यांतून गाळलेली बाब सांगून टाकली, की ते पत्र मी नुसते दडवले नव्हते, फोडून वाचलेही होते.

कार्यक्रमानंतर एक अनोळखी गृहस्थ माझ्याजवळ आले. गोष्ट छान झाली वगैरे काही ते म्हणाले नाहीत. आपणही धाकट्या भावाचे एक पत्र वाचले होते आणि त्याला ते आजतागायत सांगितलेले नाही, एवढेच त्यांनी सांगितले. दिवे मालवायला माणूस येईपर्यंत आम्ही बोलत उभे होतो. त्या संध्याकाळनंतर मी असल्या बैठकांना नियमाने जाऊ लागलो आणि गेली काही वर्षे आमच्या छोट्या गटाची बैठक भरवण्यात माझाही हात असतो. म्हणून हे लिहिणे.

'कथाकथन' हा शब्द मी येथे मुद्दाम टाळतो आहे, कारण तो उच्चारला की रचलेली कथा, कसलेला कथाकार आणि दाद देणारे प्रेक्षागृह डोळ्यांसमोर येते. त्या कलेविषयी मला आदर आहे. अमेरिकेतील टेनेसी राज्यातल्या जोन्सबरो या गावी १९७३ पासून भरणाऱ्या राष्ट्रीय कथाकथन महोत्सवाने तिला तिकडे पुन्हा मोठे व्यासपीठ मिळवून दिले. मी ज्याविषयी बोलतो आहे ती शाखा तिच्या शेजारची असली तरी वेगळी आहे. तिच्यात कोणीही उठावे, स्वतःवर बेतलेले, खरे घडलेले सांगावे, हातात कागद नसावा आणि ठरलेल्या वेळेत थांबावे. या प्रकाराला आजचे रूप बव्हंशी 'द मॉथ' या संस्थेने दिले. जॉर्ज डॉस ग्रीन या कादंबरीकाराने १९९७ मध्ये न्यूयॉर्कमधील आपल्या दिवाणखान्यात ती सुरू केली. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात मित्रांबरोबर पडवीत बसून रात्ररात्र गोष्टी सांगण्याची त्यांना सवय होती. पडवीच्या जाळीतल्या भोकातून पतंग आत शिरत आणि दिव्याभोवती घिरट्या घालत, म्हणून हे नाव; मॉथ म्हणजे हाच पतंग. पुढे त्यांच्या खुल्या स्पर्धांमध्ये विषय आधी जाहीर करायचा, इच्छुकांची नावे गोळा करून त्यांतून दहा काढायची, प्रत्येकाला पाच मिनिटे द्यायची आणि परीक्षक श्रोत्यांतूनच निवडायचे, असा शिरस्ता पडला. जगभरच्या असंख्य लहान गटांनी, आमच्याही, तो थोड्याफार फरकाने उचलला आहे.

हे नियम वरवर किरकोळ वाटतात, पण ज्यांनी बैठक चालवली आहे त्यांना त्यांचे मोल कळते. वेळेची मर्यादा सांगणाऱ्याला आवर घालते हे खरे असले तरी तिचा मोठा लाभ श्रोत्याला होतो. ही व्यक्ती पाच मिनिटांत थांबणार आहे याची खात्री असल्यामुळे तो निर्धास्तपणे स्वतःला तिच्या स्वाधीन करतो. चिठ्ठी काढण्याच्या पद्धतीमुळे बोलघेवड्यांची मक्तेदारी मोडते, आणि आपले नाव कोणत्याही क्षणी निघेल या धाकधुकीत बसलेले लोक इतरांकडे अधिक मऊपणाने पाहतात. कागदाला मनाई का, हे माझ्या फजितीने मला शिकवले. कागदावरून वाचणारा माणूस श्रोत्यांकडे पाहत नाही, आणि पाठ करून आलेला पाहतो खरा, पण त्याला ते दिसत नाहीत. गोष्ट सांगता सांगता समोरच्या चेहऱ्यांवरून ती किंचित बदलत जावी लागते. कुठे थांबायचे, काय पुन्हा सांगायचे, कोणता तपशील लोकांना भिडला, हे त्या क्षणीच ठरते. म्हणजे निम्मी गोष्ट श्रोते घडवतात, आणि माणसे जवळ येतात ती या निम्म्या भागात, असे माझे ठाम मत झाले आहे.

याला अभ्यासाचा आधार शोधताना मानववंशशास्त्रज्ञ पॉली वीस्नर यांचा २०१४ साली प्रसिद्ध झालेला शोधनिबंध मला फार बोलका वाटला. कलहारी वाळवंटातील जुहोआन्सी बुशमन समूहात त्यांनी १९७० च्या दशकात टिपून ठेवलेल्या संभाषणांचे त्यात विश्लेषण आहे. दिवसाची बोलणी मुख्यतः पोटापाण्याची, तक्रारींची आणि कोणी कसे वागले याची असत. त्यांत गोष्टींचा वाटा जेमतेम ६ टक्के होता. रात्री शेकोटीभोवती मात्र ८१ टक्के संभाषणे गोष्टींची होती. माणसे तीच, भांडणेही तीच, पण अंधार पडला, कामे संपली, चेहरे धूसर झाले की हिशेब मागे पडून दूरच्या आप्तांच्या, जुन्या प्रसंगांच्या गोष्टी निघत. आमच्या बैठकीतही दिवे मंद केले की हाच फरक पडतो. भर दुपारी, लख्ख उजेडात भरवलेली एकमेव बैठक आमची सर्वांत फसलेली बैठक होती.

फिलिपिन्समधील आग्टा या शिकारी-संकलक समूहाविषयीचा २०१७ चा अभ्यास एक पाऊल पुढे जातो. ज्या वस्त्यांमध्ये चांगले गोष्ट सांगणारे अधिक, त्या वस्त्यांमध्ये परस्परसहकार्यही अधिक आढळले आणि शेजारी म्हणून कोण हवा, असे विचारल्यावर लोकांनी पटाईत शिकाऱ्यांपेक्षा कथाकारांना अधिक पसंती दिली. अर्थात यातून गोष्टींमुळे सहकार्य वाढते की जिथे सलोखा आहे तिथे गोष्टींना सवड मिळते, याचा सोक्षमोक्ष लागत नाही. प्रिन्स्टन विद्यापीठातील उरी हॅसन आणि सहकाऱ्यांच्या २०१० च्या प्रयोगाचा दाखलाही या संदर्भात वारंवार दिला जातो. गोष्ट सांगणारीच्या आणि ऐकणाऱ्यांच्या मेंदूतील हालचालींचा आलेख बऱ्याच भागांत जुळतो, श्रोत्याचा थोडा मागून येतो, काही ठिकाणी तर आधीच धावतो, आणि भाषाच कळत नसेल तर ही जुळणी नाहीशी होते, असे त्यांना दिसले. प्रयोग सुंदर आहे. परंतु त्यातले श्रोते मेंदूच्या हालचाली टिपणाऱ्या यंत्रात एकेकटे पडून ध्वनिमुद्रण ऐकत होते, हे उत्साहाच्या भरात विसरले जाते. एका खोलीत दाटीने बसलेल्या चाळीस माणसांमध्ये काय होते, याचे उत्तर त्यात नाही.

स्पर्धेविषयी माझे मन आजही साशंक आहे. गुण मिळणार म्हटले की लोक जिंकणारी गोष्ट आणतात, आणि जिंकणाऱ्या गोष्टीचा साचा ठरून जातो. सुरुवातीला एक विनोद, मध्ये एक मोठे दुःख, शेवटी आवाज किंचित कापरा आणि मिळालेला धडा. अशा पाच गोष्टी ओळीने ऐकल्या की श्रोते टाळ्या भरपूर वाजवतात आणि सरळ घरी जातात. ज्या रात्री कोणी अडखळत, धड शेवट नसलेले काही सांगते, त्या रात्री लोक रेंगाळतात. आमच्याकडे दोन वर्षांपूर्वी आम्ही गुण देणे बंद केले. आठ-दहा चांगले सांगणारे त्यामुळे गळाले, ही हानी मी नाकारत नाही.

दुसरा धोका याहून गंभीर आहे. या वर्तुळात एक वचन प्रचलित आहे, की जखमेतून बोलू नका, व्रणातून बोला. अजून वाहत असलेले दुःख घेऊन कोणी उभे राहिले तर चाळीस अनोळखी माणसे त्याला सावरू शकत नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी त्या व्यक्तीला उघडे पडल्यासारखे वाटते. आम्ही सांगणाऱ्यांशी आधी थोडे बोलून घेतो ते याचसाठी. गोष्टीत आलेल्या इतरांचाही प्रश्न असतोच. पत्राची गोष्ट मी बहिणीला न विचारता सांगितली होती. तिला कळले तेव्हा ती रागावली, आणि पत्र वाचल्याबद्दलचा राग त्यात अगदी थोडा होता. तेव्हापासून मोबाइल बंद आणि ध्वनिमुद्रण नाही, हा नियम मी हट्टाने पाळून घेतो.

ज्यांना चाळीस जणांपुढे उभे राहणे नकोसे वाटते, त्यांच्यासाठी याच्या धाकट्या भावंडांसारखे प्रकार आहेत. डेन्मार्कमधील रॉस्किल्ड महोत्सवात २००० साली सुरू झालेल्या 'ह्यूमन लायब्ररी'त माणसेच पुस्तके होतात. वाचक त्यांच्यासमोर बसून, एरवी विचारता न येणारे प्रश्न विचारतो. २००३ मध्ये न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्थानकातील एका छोट्या कक्षात सुरू झालेल्या 'स्टोरीकोर'मध्ये जवळच्या दोन व्यक्ती ४० मिनिटे एकमेकांशी बोलतात. तिथे ध्वनिमुद्रण हाच हेतू असतो, म्हणून त्याचे गणित निराळे. मला मात्र समूहाचीच ओढ आहे. त्यात ऐकणाऱ्याला दुसऱ्या ऐकणाऱ्याचे ऐकणे दिसते, आणि शेजारचा अनोळखी माणूस कोणत्या वाक्याला मान खाली घालतो हे पाहणे हीदेखील एक गोष्टच असते.

एक बाई जवळजवळ दीड वर्ष दरमहा येत होत्या. दाराजवळची तीच खुर्ची, कधी चिठ्ठी टाकली नाही. मागच्या बैठकीत त्यांनी टाकली. मी पेटीत हात घालत होतो आणि मला ते ठाऊक होते, तरी निघायची तीच नावे निघाली, त्यांचे राहिले. उरलेल्या चिठ्ठ्या आम्ही शेवटी फाडून टाकत असू. त्या पेटीजवळ आल्या, आपली शोधून काढली, क्षणभर हातात धरली आणि पुन्हा आत टाकली. यापुढे न निघालेल्या चिठ्ठ्या आम्ही फाडणार नाही, पुढच्या महिन्यासाठी पेटीतच ठेवू.